ओसरीवरचा देव

११ मार्च १९७३

आज ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पार पाथर्डीकडून माणसं आली. नारळ, उदबत्त्या, रांग. आणि मधे पाटावर हे — भिंतीला टेकून, डोळे उघडे, कुणाकडेच न बघता. डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली तरी पापणी हलत नाही.

एक बाई म्हणाली, "माशीचं सुदिक भान न्हाई. देवच हाय!"

माशी मी हाकलली.

१२ मार्च

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

गावची विहीर आटली म्हणून हे आणि गावातलाच बन्सी ती खोल करायला उतरले होते. दरड कोसळली. दोघंही गाडले गेले. दुसऱ्या दिवशी दगड उपसून ह्यांना वर काढलं — जिवंत! बन्सीला काढायला आणखी एक दिवस गेला. तो मेलेला होता.

वर आल्यापासून ह्यांचा एक शब्द ऐकला नाही मी. मला ओळखत नाहीत. घास तोंडात घातला तर गिळतात, नाही घातला तर मागत नाहीत.

देवळातले गोरक्षनाथ बुवा रांगेला समजावतात, "भूक न्हाई, राग न्हाई, आपलं-परकं न्हाई. मरनानं हात लावला न्हाई. देव आनि कसा असतो?"

मी ज्याला ज्याला आजार म्हणते, त्याला त्याला गाव देवपण म्हणतं!

१५ मार्च

टँकर आला नाही. बाया दुष्काळी कामावर खडी फोडून आल्या त्या रिकाम्या घागरी घेऊन ओढ्यात झरे उकरायला गेल्या. आणि इथे ह्यांच्या पायांवर भरलेली घागर ओतली. ते पाणी तीर्थ म्हणून वाटलं. एका म्हातारीने वाटीतलं निम्मं तिथंच पिऊन टाकलं — भक्ती नव्हती ती, तहान होती.

१९ मार्च

वावटळ उठली म्हणून ह्यांना आत घेतलं आणि दार लोटलं. घरात अंधार झाला. ह्यांनी माझा हात असा आवळला की बांगडी फुटली. धोतर ओलं झालं.

दार उघडलं. पुन्हा दगड.

धोतर मागच्या दारी राखेने घासून धुतलं. कुणी पाहिलं नाही. बुवा म्हणतात ह्यांना भय नाही! त्यांना बोलावून हे दाखवावं का? नको. ह्यातही काहीतरी शोधून काढतील.

२० मार्च

थोरल्या दिरांना हात जोडले. "भाऊजी, ह्यांना नगरला मोठ्या दवाखान्यात नेऊ या."

कारभारी भाऊजी खाली बघत म्हणाले, "मालन, माजा भाऊ हाय त्यो. मला का कळत न्हाई? पर गाव म्हनतं, त्यो बसून हाय तवर पावसाची आशा हाय. गावाशी वाकडं घिऊन ऱ्हायचं कुठं?"

२३ मार्च

आज नेलं. एकटीने. ह्यांचा हात धरून फाट्यापर्यंत चालत. माझ्यामागे मुकाट आले, वासरासारखे. एस.टी. आली. एक पाय पायरीवर ठेवला होता ह्यांनी!

मागून माणसं धावत आली. दोघं गाडीपुढे आडवे पडले. "देव गाव सोडून चालला!" कंडक्टरने मला विचारलं, "कोण हे?" मी म्हणाले, "माझे मालक. आजारी आहेत." त्याने गर्दीकडे पाहिलं. घंटी मारली. आडवे पडलेले उठले, गाडी आमच्याशिवाय गेली.

खांद्यावर बसवून परत आणलं. मी मागून धूळ खात आले.

२४ मार्च

ज्याला स्वतःच्या मर्जीने गाडीत चढता येत नाही तो कसला देव? तो कैदी.

२९ मार्च

भागूबाई आली. बन्सीची बायको. इतके दिवस तिने ह्या दाराकडे पाहिलं नव्हतं. रांगेत उभी राहिली नाही. नमस्कार नाही. सरळ ह्यांच्या समोर जाऊन बसली.

"देव हाय ना तू? मग देवावानी बोल. तुमी दोघं एकाच खड्ड्यात हुता. ह्ये गाव तुला खांद्यावर घिऊन हलगी वाजवीत हुतं, तवा माजा मानूस खालीच हुता. तू वर आलास, त्यो का न्हाई आला?"

बुवा तिला उठवायला लागले. ती हलली नाही. "मला पाऊस नगं. पोरगं नगं. ज्याला दुसऱ्याचं दुखनं कळतं, त्यो देव. कळतंय का तुला? येवढं सांग."

ह्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. मी पाहिलं! खरं पाणी, गालावरून हनुवटीपर्यंत. हे आत आहेत, जिवंत आहेत! मी पुढे झाले. त्याआधीच बुवांनी ते बोटावर टिपलं आणि ओरडले, "देवाला पाझर फुटला!" सगळी माणसं तुटून पडली. भागूबाई तुडवली जात होती. तिला मीच ओढून बाहेर काढलं.

ती म्हणाली, "रडला गं त्यो." बस. एवढंच.

३० मार्च

देवा — कुणाला म्हणते आहे मी?

२ एप्रिल

पहाटे रांग लागायच्या आधी हे बोलले. आवाज घोगरा, पण ह्यांचाच.

"बन्सीला काढला का?"

मी ह्यांचा हात धरला.

"दगडाच्या पल्याड हुता. जित्ता. मला वर वढला तवा हाका मारीत हुता. मी वरडून वरडून सांगितलं, मालन. हलगीत कुनाला ऐकूच गेलं न्हाई."