तपासणीच्या टेबलाजवळची खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ
तळेगाव

पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून लिहितेय. ठणका कमी होईना, आणि डोक्यातून ती खुर्ची जाईना.

कंपनीत आम्ही चौघी दिवसभर टेबलाशी उभ्यानं रबराच्या रिंगा तपासतो. दिवाळीनंतर तिथं एक उंच खुर्ची आली. साहेब म्हणाले, "बसा नाहीतर उभ्या राहा, तुमची मर्जी." मर्जी कसली! मंगलमावशी तेवढ्या बसायला लागल्या, आणि त्यांचं कंत्राट काही पुढे वाढलं नाही. म्हणे, चपळाई राहिली नाही. तेव्हापासून कुणी बसत नाही. खुर्चीच्या पाठीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे. आम्ही तिच्यावर ओढण्या टाकतो.

आज जेवणाच्या सुट्टीनंतर आमच्यातली शबाना पांढरीफटक पडली. सहावा महिना लागलाय तिला. टेबल धरून खाली वाकायला लागली, तेवढ्यात साहेब येताना दिसले. मी काय केलं? तिच्या काखेत हात घालून तिला सरळ उभी धरली. खुर्ची इतकी जवळ होती की तिचं प्लास्टिक माझ्या कोपराला घासत होतं.

तिची नोकरी वाचवायची होती म्हणून, असं मनाला सांगतेय. पण साहेब गेल्यावरही मी तिला बसवलं नाही. का नाही बसवलं?

सुटल्यावर गेटपाशी तिनं माझा हात धरला. "ताई, तुमी व्हता म्हनून उभी ऱ्हायले."

मी म्हणाले, "उद्याही आहे मी."