चौथ्या शनिवारची ओळ

प्रिय पिपाणी,

पन्नाशी उलटली म्हणून हे नाव सुटेल असं तुला वाटत असेल, तर ते विसर. सहा वर्षांचा असताना खेळण्यातली पिपाणी तोंडात धरून तू अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होतीस. आप्पा कानांत कापूस घालून पेपर वाचायचे, तेव्हा चिकटलेलं नाव आहे हे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, आणि आज मला कोणी मध्ये बोललेलं नको आहे. तेव्हा चहा घे, चष्मा शोध (डोक्यावरच असेल) आणि सरळ वाचत ये. पत्राचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढी बाजूला ठेव.

आधी बातम्या. आपला मधला चौक आता तुला ओळखू येणार नाही. शनिवारी दुपारी चारनंतर तिथे गाड्या सोडत नाहीत. बँकेच्या पायऱ्यांवर लोक गाणी ऐकत बसतात आणि बँकेचा पहारेकरी त्यांना उठवायचं सोडून स्वतःच ताल धरतो. जुन्या पोस्टाच्या जागी कॉफीचं दुकान झालं आहे. बेकरी मात्र तिथेच, आणि बेकरीसमोर माझा बोर्डही तिथेच. सहा फुटी पत्रा, पांढरी जमीन, निळी अक्षरं. येत्या महिन्याचा बोर्ड रंगवायला मला तीन दिवस लागले, इतके कार्यक्रम आहेत. पहिल्या शनिवारी शिक्षकांचा गायनवृंद. मुख्याध्यापिका समोर हात हलवत उभ्या राहतात आणि चाळिशीतले शिक्षक उशीर झालेल्या पोरांसारखे घाबरत सूर लावतात. दुसऱ्या शनिवारी दातांचे डॉक्टर ड्रम वाजवणार, मेहुणा गिटारवर. त्यांना कोणी नावं ठेवत नाही, कारण निम्मे श्रोते त्यांचे पेशंट, आणि कुणाच्या दाढेचं काम अजून अर्धं आहे. तिसऱ्याला शिवणकाम करणाऱ्या बाईंचं अकॉर्डियन. सत्तरी ओलांडली त्यांनी, पण भाता ओढताना बघशील तर थक्क होशील. मधल्या एका रविवारी रोपांची अदलाबदल आणि एका रविवारी दुरुस्तीचा दिवस आहे. त्या दिवशी तुझे भाऊजी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात, लोकांचे पंखे चालू करून देतात आणि दोन-चार स्क्रू उरवून घरी आणतात.

आणि चौथा शनिवार, सव्वीस तारीख. ती ओळ तुझी आहे, पिपाणी. क्लॅरिनेट, संध्याकाळी सहा ते साडेसात. तू यायचंस आणि चौकात वाजवायचंस. आडवळणाने सांगायला मला येत नाही, म्हणून सांगून टाकलं.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. तू पुन्हा तो नऊ माणसांचा किस्सा काढशील. बावीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तू तो सांगत आला आहेस. तुझ्याच शब्दांत: मोठ्या शहरात शिकून, तिथल्या रसिकांची वाहवा घेऊन मी माझ्या गावात वाजवायला गेलो, आणि समोर नऊ माणसं आणि एक कुत्रा. त्यातला कुत्रा मध्यंतरात उठून गेला. लोक पोट धरून हसतात. मीही हसते. सांगताना तू कुत्र्याची चाल करून दाखवतोस, ती फारच हुबेहूब असते. पण त्या शनिवारी तुझा चेहरा मी बघितला होता. शंभर खुर्च्या मांडलेल्या, आणि तू एकही राग कमी न करता, एकही तान न चोरता पूर्ण दीड तास वाजवलंस. मग क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून एकेक पुसलास आणि पेटी बंद केलीस. रविवारी सकाळी नऊच्या गाडीने गेलास. पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं. लिफ्टच्या कंपनीत नोकरी धरली, गावाला माझं वाजवणं नको आहे हे वेळेवर कळलं ते बरंच झालं, असं लिहिलं होतंस. ते पत्र अजून माझ्या ब्रशांच्या डब्याखाली आहे.

क्लॅरिनेट सोडलं म्हणून सांगू नकोस. भावजयबाई फितूर आहेत. लिफ्टच्या दुरुस्तीला गेलास की काम संपल्यावर तू इमारतीच्या माथ्यावरच्या त्या मशीनच्या खोलीत दार लावून वाजवत बसतोस, हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. एकदा सातव्या मजल्यावरच्या आजी तक्रार घेऊन आल्या. लिफ्ट चालू केल्यावर गाणं बंद का झालं, अशी ती तक्रार होती! हे कळलं त्या दिवशी मी एवढी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. भाऊजींना वाटलं कांदा आहे.

आता माझ्या कामाबद्दल थोडं ऐक, कारण घोडं तिथेच अडलं आहे. पाट्या रंगवणाऱ्या बाईची अब्रू तिच्या अक्षरांत असते असं लोकांना वाटतं. खोटं आहे. अक्षर थोडं वाकडं झालं तर कोणी बघत नाही. अब्रू असते ती मजकुरात. या गावात पाटीवर लिहिलेलं खरं मानतात. गेली पस्तीस वर्षं लोक माझा बोर्ड वाचून घराबाहेर पडतात, आणि एक गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले आहे. लोक तारीख वाचत नाहीत, वार वाचतात. चौदा तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, शुक्रवार राहतो.

आप्पा गेले त्याच्या पुढच्या वर्षी तुझा कार्यक्रम होता. आप्पा वर्षअखेरीला गेले. त्यांचं कॅलेंडर माझ्या कामाच्या टेबलासमोर भिंतीला होतं आणि ते मी उतरवलं नाही. नवं कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलं. हे जुनं मात्र मी दर महिन्याला उलटायची, आप्पांनी मागच्या वर्षी त्या महिन्यात चौकोनांत काय काय लिहिलं होतं ते वाचायला. गॅस लावला. दाढ दुखते. पिपाणीचं पत्र. तेवढंच वाचून कामाला लागायची. इतर कार्यक्रमांच्या चिठ्ठ्या औषधवाले पाठवायचे (चौकात कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचं सगळं तेव्हाही तेच बघायचे), आणि त्यांत वार लिहिलेले असायचे. तुझी तारीख तू मला परस्पर कळवलीस. नुसती चौदा. मी मान वर केली, समोर होतं त्या कॅलेंडरवर चौदा तारीख बघितली, आणि बोर्डावर लिहिलं, शुक्रवार.

शनिवार होता रे. आप्पांच्या वर्षात तो शुक्रवार होता.

त्या शुक्रवारी, तेरा तारखेला, मी बाहेरगावी एका शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा रंगवत होते. माझ्या डोक्यात तुझी चौदा तारीखच होती, बोर्डावर कोणता वार लिहिला ते नव्हतं. चौकात काय झालं ते मला रविवारी सकाळी कळलं, तुझी गाडी सुटून तासही झाला नव्हता. औषधवाले घरी आले. बसायलाही तयार नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला चौकात तीनशे माणसं आली होती, पिपाणी. बेकरीवाल्याने मोजली होती, कारण त्याचे पाव संपले. तुझ्या शाळेतले मास्तर आले होते. आपल्या गल्लीतल्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. पाऊण तास थांबले. खुर्च्या नाहीत, मंच नाही, तू नाहीस. मग म्हणाले, पोरगा मोठा झाला, गावाला विसरला. आणि घरी गेले. शनिवारी दुकानं दुपारी बंद व्हायची तेव्हा, चौकात कोण फिरकणार? चौकातून वाट काढणारे नऊ जण तेवढे थांबले. औषधवाल्यांना शनिवारी दुपारी कळलं. वाजवण्याआधी तुला सांगितलं तर तुझा हात थरथरेल म्हणून ते गप्प राहिले, आणि नंतर सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. तुझा भाऊ आहे, तूच सांग, म्हणाले. मी हो म्हटलं.

त्या दिवशी मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. मग रंग घेऊन चौकात गेले आणि ती ओळ पांढऱ्या रंगाने झाकून आले. स्वतःला सांगितलं, पोराचा राग शांत होऊ दे, मग सांगू. मग तुझं पत्र आलं, नोकरीचं. आता सांगितलं तर माझ्यामुळे त्याचं आयुष्य वाकडं गेलं असं होईल, म्हणून घाबरले. मग तुझं लग्न झालं, मग लेक झाली, आणि मग तो किस्सा इतका रंगत गेला की त्यात शुक्रवार घुसवायला जागाच राहिली नाही. तू गावाला नावं ठेवायचास, गाव तुला ठेवायचं, आणि दोन्हीकडे मान डोलवणारी एकटी मी. मी भित्री नाही, तू जाणतोस. शिडीवर चढून तिसऱ्या मजल्यावरचा बोर्ड रंगवणारी बाई आहे. पण या एका गोष्टीत मी भ्याले आणि तुझं नुकसान केलं. कॅलेंडर आप्पांचं होतं, पण त्याचं निमित्त मी पुढे करणार नाही. चूक एका दिवसाची होती आणि गप्प राहणं बावीस वर्षांचं. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव.

औषधवाले दरवर्षी मला विचारायचे, सांगितलंस का? मी दरवर्षी विषय बदलायची. आता त्यांना चौऱ्याऐंशीवं लागलं. मागच्या आठवड्यात त्यांनी मंडळाचं काम तरुणांकडे सोपवलं आणि त्यांच्या हातची शेवटची चिठ्ठी मला आणून दिली. तीन शनिवार भरलेले, चौथा कोरा. मी विचारलं, इथे काय लिहू? ते म्हणाले, ते तुला ठाऊक आहे. आणि काठी टेकत गेले. मी दाराशीच उभी राहिले, हातात चिठ्ठी घेऊन.

तर आता ऐक, पिपाणी, हे पत्र कशासाठी लिहिलं ते. तुला विचारून बोर्ड रंगवायचा असता तर तू नाही म्हणाला असतास, आणि मला पुन्हा गप्प बसायला सबब मिळाली असती. म्हणून आधी रंगवला, काल सकाळी चौकात चढवला आणि मग लिहायला बसले. चौथी ओळ अशी आहे: शनिवार, सव्वीस तारीख, संध्याकाळी सहा, क्लॅरिनेट, पुढे तुझं नाव, पूर्ण. वार मी तीन कॅलेंडरांवर बघितला आणि भाऊजींकडूनही तपासून घेतला. त्याखाली लाल रंगात लिहिलं आहे की बावीस वर्षांपूर्वी हा वादक ठरल्या दिवशी आला होता आणि पूर्ण दीड तास वाजवून गेला, पाटीवर वार चुकीचा लिहिला तो मी, आणि खाली माझी सही. काल दिवसभर बोर्डासमोर गर्दी होती. मी समोरच्या बाकावर जाऊन बसले, म्हटलं, काय बोलायचं ते तोंडावर बोला. दोघी-तिघी बोलल्या, चांगलंच बोलल्या, आणि ते मला ऐकायलाच हवं होतं. मग तुझे मास्तर आले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि माझ्याजवळ बसले. पोरगा आला होता तर, एवढंच म्हणाले. संध्याकाळी बेकरीवाल्याने निरोप दिला, तो तुला जसाच्या तसा कळवते. माझ्या बोर्डावर गावाचा आता भरवसा उरलेला नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवलं आहे की पंचवीस तारखेला, शुक्रवारीही यायचं आणि शनिवारीही यायचं. बेकरीवाला दोन्ही दिवस जास्तीचे पाव भाजणार आहे. तेव्हा शुक्रवारी मी चौकात जाऊन त्या सगळ्यांना सांगेन की उद्या या, तो येणार आहे. तेवढं मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
ताई