चित्राला होणारा उशीर

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

…मग कपडे पिळून दोरीवर टाकले, त्यांना चहा दिला, भांडी घासली, बाजरीचा डबा उचलला आणि गिरणीवर गेले. त्या मंगळवारची कामं मी रोज अशी क्रमाने आठवते. आज चौदाव्या मजल्यावर कपडे वाळत घालतानाही आठवली.

पण आजचा दिवस आनंदाचा. मानपाड्याची चाळीतली खोली सोडून मी घोडबंदर रोडला मुलीच्या, मृणालच्या, फ्लॅटमध्ये आले. खिडकीतून डोंगर दिसतो, खाली गाड्यांची न हलणारी रांग. सामान थोडंच: पुस्तकांच्या तीन पेट्या, तिच्या पप्पांची लोखंडी खाट आणि त्यांचा फोन. हमाल म्हणाला, "मावशी, ही खाट भंगारवाला पण नाही घेणार." मी म्हटलं, तू उचल रे बाबा. फोन पेटीतून काढून फळीवर उभा केला, खाटेकडे तोंड करून. तिकडेही तो असाच असायचा. ते पडल्या पडल्या गाणी ऐकायचे.

मृणाल संध्याकाळी ऑफिसच्या कामाला बंगळूरला गेली, तीन आठवड्यांसाठी. तिची एकच अट: रोज सकाळी दहाला ती फोन करेल, तो उचलायचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मृणालचा जुना लॅपटॉप माझा झाला. पहिली सिस्टीम रडायची म्हणून तिने त्यावर लिनक्स टाकलंय. फुकट आहे, आणि आत काय चाललंय ते कुणीही उघडून बघू शकतं, म्हणाली. मला ते आवडलं. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं मी विहाराच्या कपाटातली पुस्तकं उघडूनच शिकले.

लॅपटॉपचा कॅमेरा मेलेला. म्हणून पप्पांचा फोनच वायरने जोडून कॅमेरा करायचा. मृणालने सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं. फोनच्या सेटिंगमध्ये एका ओळीवर सात वेळा बोट मारलं, तर तुम्ही आता डेव्हलपर आहात असं आलं. मृणालला सांगितलं तर हसत सुटली. "आई, पगार माग आता!" लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाईप केल्या. पासवर्ड टाकताना काहीच उमटत नाही, त्यामुळे तीनदा चुकला. दुपारी पडद्यावर मी दिसले. केस किती पांढरे झालेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चित्र तुटत होतं. उशिराचा आकडा थोडा वाढव, म्हणजे चित्र मागून येईल पण सलग येईल, असं मृणालने सांगितलं. आकडा सेकंदांत आहे. मी साठ टाकला, तर पडद्यावर मिनिटापूर्वीची मी. गंमत वाटली. एक तास टाकला, तर मी कांदा चिरत होते. गॅस बंद केला होता का, तेही बघून घेतलं.

मग एक दिवस टाकला. पडद्यावर कालची खोली, काल वाळत टाकलेली हिरवी साडी.

काल फोन जोडलेलाच नव्हता.

मृणालला विचारलं, हा जुनं साठवून ठेवतो का? म्हणाली, नाही गं, साठवत बिठवत काही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खरं लिहिते. कामांच्या यादीत मी एक काम गाळते. त्या मंगळवारी माझा फोन चार्जिंगला लावला आणि तसाच विसरून गिरणीवर गेले. ते रोज सांगायचे, "मंजू, फोन घे." परत आले तेव्हा ते खाटेवर गेलेले होते. दम्याचा पंप खाली पडलेला. माझ्या फोनवर त्यांचे तीन मिस्ड कॉल. मी ते पुसून टाकले. मृणाल विचारत होती, पप्पांनी कुणाला फोन केला का गं? मी नाही म्हणाले.

मला एवढंच कळायला हवं, की शेवटी ते माझ्याबद्दल काय मनात घेऊन गेले.

वहीच्या मागे गुणाकार केला. उद्या त्या मंगळवारला तीनशे एक्केचाळीस दिवस होतात. दोन कोटी चौऱ्याण्णव लाख बासष्ट हजार चारशे सेकंद.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला आकडा टाकला.

आमची खोली. मी डबा घेऊन दाराबाहेर जाते. दार लागतं. थोड्या वेळाने ते उठून बसतात, छाती धरतात. फोन फळीवरून घेतात, तेव्हा चित्रात नुसता त्यांचा कान आणि गाल. मग फोन परत फळीवर. मागे माझा फोन चार्जिंगला, उजळतोय, विझतोय. ते त्याच्याकडे बघतात. तीनदा.

मग सरळ कॅमेऱ्यात बघितलं. माझ्याकडे. ओठ हलले. आवाज नाही.

रंगूबाईला फोन केला. चाळीत आमची भिंत एक होती. त्या मंगळवारी माझा फोन वाजलेला ऐकलास का, विचारलं. ती म्हणाली, "वाजत होता गं. मला वाटलं तू घरातच आहेस." मला ते अकरा महिने सांगितलं नाही तिने.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आकडा मी बदलला नाही. आपोआप उतरलाय. बरोबर सात दिवसांचा झाला. चित्रात याच घरातली मागच्या सोमवारची मी, पेट्या सोडतेय.

मागे खाटेवर ते बसलेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आकडा दोन दिवस. चित्रात मी लॅपटॉपसमोर रडतेय. ते खाटेवर नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत.

वायर काढली. चित्र चालूच. लॅपटॉप मिटला, उघडला — चालूच.

मृणालला दहा वाजता सांगणार होते. तिने विचारलं काही खाल्लंस का, मी हो म्हणाले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक तास. माझ्या खुर्चीमागे. हात खुर्चीच्या पाठीवर. मागे वळून बघते तर कुणी नाही — पण खुर्चीच्या पाठीवरचं कापड खाली दबलेलं, चार बोटांएवढं —

ओठ तसेच हलतायत. आता वाचता आले. तीन शब्द. मंजू, फोन घे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शून्य. भिंतीवरच्या घड्याळात नऊ, चित्रातही नऊ. मी एकटीच. किती दिवसांनी श्वास घेतला.

आकड्याच्या आधी रेघ आली. वजा. वाढतोय — तास — पाच तास — आता एक दिवस.

पडद्यावर उद्या आहे, आता आवाजासकट. दिसतंय तसं लिहून ठेवते, मृणालसाठी.

उद्या सकाळी मी कपडे पिळून दोरीवर टाकले. दोन कप चहा केला. भांडी घासली. फळीवरचा त्यांचा फोन वाजला. या वेळी मी उचलला. आलेच, मी म्हणाले. खाटेवर भिंतीकडे सरकून जागा केली आणि आडवी झाले. दहा वाजता मृणालचा फोन आला. तीनदा वाजला. मी