तिसरी टकटक

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. दुकान बरं चाललंय. एका दवाखान्याची बारा कपाटांची ऑर्डर आहे. जेवण वेळेवर होतं, पोटही सुटलंय.

आता मुद्द्याचं. माझ्यासाठी प्रार्थना करणं बंद कर.

हसू नकोस. नऊ ऑगस्टपासून रोज दुपारी बरोब्बर चार वाजता टकटक होते. लागोपाठ दोनदा, मग जरा थांबून एकदा. दारावर नाही गं, लाकडात. ज्या लाकडाला माझा हात लागलेला असेल, त्यातच. पहिल्यांदा रंध्याखालच्या फळीत झाली. काल तर नव्या, रिकाम्या कपाटाच्या आतून! पॉलिशवाली बाई समोरच होती. म्हणाली, "आत कोणाला कोंडलंय?" मी दार उघडून दाखवलं. आत कोणी नव्हतं. तिने ब्रश तसाच ठेवला आणि घर गाठलं. आज आलीच नाही.

हे तुझंच काम. लहानपणी सायकलीसाठी तू देवाचं इतकं डोकं खाल्लंस, की बाबा म्हणाले होते, त्याने सुटका करून घ्यायलाच दिली असेल. पण मी सायकल नाही, ताई.

बाबांचा हात कसा आहे? म्हणजे, तब्येत कशी आहे?

जाऊ दे, लिहूनच टाकतो. तेव्हा मशीनच्या करवतीच्या पात्यावरचं झाकण मी काढलं होतं. काम पटकन उरकावं म्हणून काढलं आणि परत बसवायचं विसरलो. बाबांची तीन बोटं गेली. सगळे विचारायला लागले तेव्हा मी म्हणालो, बाबांनीच काढलं असेल. बाबा गप्प बसले. आठवडाभरात मी घर सोडलं. देव यासाठीच ठोकत असेल तर त्याला सांग, कळलं म्हणावं, आता पुरे कर. मला फार भीती वाटते गं.

तुझाच,
भुंग्या

२० नोव्हेंबर

प्रिय भुंग्या,

पत्र पोचलं. मी बरी आहे.

ते ठोकणं माझं नाही रे. तुझ्यासाठी प्रार्थना करणं मी केव्हाच सोडलं. एकदाही पत्र नाही, फोन नाही, मला फार राग आला होता. खोटं कशाला सांगू?

बाबा करायचे. रोज चार वाजता हातातलं काम थांबवून, उरलेल्या दोन बोटांनी कामाच्या टेबलावर टकटक. दोनदा, आणि थांबून एकदा. मग मोठ्याने म्हणायचे, "देवा, मीच आलोय. माझा मुलगा दे." चर्चचे पाळक एकदा म्हणाले, शांतपणे, मनात मागावं. बाबा म्हणाले, "बंद दारापुढे मनातल्या मनात कोण ठोकतं? आणि मी काय परक्याच्या दारात उभा आहे? उघडेपर्यंत ठोकणार!" पाळक हसले आणि दुसऱ्या दिवशी चारला स्वतःच येऊन शेजारी बसले.

झाकणाचं बाबांना त्याच दिवशी कळलं होतं. तू काढलेला स्क्रू तुझ्याच शर्टाच्या खिशात त्यांना सापडला होता. मला हे त्यांनी गेल्या वर्षी सांगितलं.

आता जे तुला कळवलं नाही ते लिहिते. नऊ ऑगस्टला बाबांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. ज्याने ठोकायचे तो हात तेव्हापासून पांघरुणावर पडून आहे, जरासुद्धा हलत नाही. तुझ्या पत्रातली तारीख मी तीनदा वाचली.

काल तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, झाकणाचंसुद्धा. डोळ्यांतून पाणी आलं. मग दाराकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत.

आज चार वाजले तेव्हा मला राहवलं नाही. त्यांची खाट आता कामाच्या टेबलाशेजारीच आहे. मी टेबलावर टकटक केली, त्यांच्यासारखीच, लागोपाठ दोनदा. म्हटलं, "देवा, आज त्यांच्या वतीने मी आलेय." आणि श्वास घ्यायला थांबले.

तिसरी मी मारलेली नाही, भुंग्या. ती टेबलाच्या खालून आली. बाबांनीही ऐकली. ते हसले.

पत्र वाचून होईल तसा नीघ. कपाटं राहू देत. दाराची कडी मी काढून ठेवली आहे, तुला ठोकावं लागणार नाही.

वाट बघणारी,
ताई