भगर बाधली त्या दिवशीची गोळी

अण्णा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी लोक तुमच्या शिस्तीचं कौतुक करतात. मी ऐकून घेते, चहा देते आणि आत येऊन भांडी आपटते. आज तुम्ही माझं ऐका. जिवंतपणी तुम्ही कुणाचं ऐकून घेतलं नाही, आता उठून जायची सोय नाही.

तुम्ही गावच्या शाळेचे हेडमास्तर. जंताच्या गोळ्या वाटायच्या दिवशी पोरांना रांगेत उभं करायचात, गोळी खाल्ली की आ करून जीभ दाखवायला लावायचात. पोरांचं ठीक होतं. पण आईला बीपीची गोळी सुरू झाली आणि तीच पद्धत तुम्ही घरात आणलीत. साठीची बाई रोज सकाळी नवऱ्यासमोर तोंड उघडून उभी राहायची, शेजारीण बसलेली असली तरी. मला तेव्हाही तुमची किळस यायची.

त्या नवरात्रात मी माहेरी आले होते. उपवासाची भगर बाधली आणि आईला उलट्या-जुलाब लागले. सकाळी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आहे, ओठ सुकलेत, लघवी होत नाही, आणि तुम्ही गोळी घेऊन उभे. ती हळूच म्हणाली, "अहो, केजच्या डाक्टरनं सांगितलंय, जुलाब लागल्यावर ही गोळी घ्यायची न्हाई. आदी फोन करायचा."

"शाळेत इज्ञान मी शिकवलंय का तू? आ कर."

तिनं आ केला. दुसऱ्या दिवशीही केला. बीडला नेलं तोवर मूत्रपिंडं बंद पडली होती. तिथून ती परत आली नाही, आणि तुम्ही भेटायला येणाऱ्यांना सांगत बसलात की उपासानं गेली.

आता तीच गोळी मलाही आहे. डॉक्टरांनी नीट समजावलं. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड ओळखतं आणि एक रस रक्तात सोडतं. त्यातून पुढं हार्मोन तयार होतात, ते शिरा आवळतात, मीठ-पाणी धरून ठेवतात, दाब सावरतात. ही गोळी नेमकं तेच अडवते. एरवी ते चांगलंच, म्हणून तर देतात. पण जुलाबात अंग कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंडाला तोच एक आधार असतो. हे सगळं तुम्हाला माहीत नव्हतं, ते मी माफ केलं असतं. तिला माहीत होतं आणि तिनं सांगितलं होतं, ते कसं माफ करू?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. घडी घालून चुलीत टाकणार आहे.

परवा मला जुलाब लागले. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी थांबवायला सांगितली. पाकीट डब्यात परत ठेवताना मी दाराकडे बघितलं. मी आता आजी आहे, अण्णा. अजून तुम्हाला भिते.