सुष्मीचा हात कानाला पोचेना

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार, दि. २७ मे १९९९

ती. स्व. अमरेश दाजी यांना धाकटा मेहुणा शशिधर याचे शरणार्थ. (हा मेहुणा वयाने तुमच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे, पण बहीण दिली त्या दिवसापासून तो धाकटाच, म्हणून तसे कळवले.) इकडे सर्व खुशाल. तुमचे पित्त, आमच्या शिवलीलाचे गुडघे आणि तुमच्या वारणानगरच्या कॉलनीतले पाणी, या तिन्हींची तब्येत सवडीने कळवावी. तुमची कन्या चि. सुष्मिता सुट्टीत आमच्याकडे मजेत आहे. जेवते, झोपते आणि दुपारी मी दुकानात डुलकी काढली की स्टीलच्या डब्यांची झाकणे अदलाबदल करून ठेवते. त्यामुळे या आठवड्यात ज्यांनी आमच्याकडून डबे नेले ते सगळे परत येऊन गेले. त्या निमित्ताने चार माणसे भेटतात, तेही बरेच.

आता मुद्द्याकडे निघतो. पोचायला वेळ लागेल, वाटेत बरेच थांबे आहेत.

सुष्मीला एस.टी.त बसवताना तुम्ही तिच्या पिशवीत जी चिठ्ठी ठेवली होतीत ती मी जपून ठेवली आहे. पोरीला बोलिंग टाकायची आहे. कॉलनीतली मुले 'अजून लहान आहेस' म्हणून तिला नुसती चेंडू आणायला पळवतात. तेव्हा ती तयार झाली की नाही हे तिच्या मामाने ठरवावे. मामा हो म्हणाला तर शाळा उघडताच तुम्ही स्वतः तिचा हात धरून तिला मैदानावर नेणार. नाही म्हणाला तर पुढच्या मेपर्यंत तिने चेंडूचे नाव काढायचे नाही, आणि हे तिने देवापुढे कबूल केले आहे. दाजी, सहा वर्षांची पोर आल्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघते. दात घासायच्या आधी बघते. इतकी आशा लावून माझ्या तोंडाकडे आजवर कोणी बघितले नव्हते, लग्न ठरताना आमच्या सौ. बसम्मानेसुद्धा नाही.

मान मोठा आहे, नाकारत नाही. तिचे जावळ माझ्या मांडीवर निघाले, कान माझ्या मांडीवर टोचले. दोन्ही वेळा ती जे ओरडली आणि माझ्या धोतराचे जे झाले, त्यातून मी सावरलो. मग बोलिंगचा मुहूर्तही मामानेच काढावा हे रीतीला धरून झाले. पण एक विचारतो. तुम्ही कारखान्याच्या शेतकी खात्यात. नुसता पाल्याचा रंग बघून ऊस तोडीला आला की नाही ते सांगता, आणि अख्ख्या गावाच्या तोडी त्यावर ठरतात. त्या माणसाला घरातल्या एका पोरीचा दंड बघून सांगता आले नाही? भांडी विकणाऱ्याला विचारावे लागले?

शिवाय विचारले कुठे, तर शिवाजी पेठेत! इथे पोरगे पाळण्यातून पाय बाहेर काढते तेच लाथ मारायला. फुटबॉलच्या मोसमात आम्ही सोयरिकीसुद्धा मॅचचे वेळापत्रक बघून करतो. हाताने चेंडूला शिवलेला माणूस इथे एकच, तो म्हणजे गोलकीपर, आणि तो मी होतो. (१९७४ साल, दुसरी टीम, तीन मॅच. चौथीला गेलो तर गोलमध्ये दुसराच उभा होता. मला कोणी काही सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नाही.) विश्वचषक तोंडावर आल्याने पेठेत क्रिकेटवर बोलणारे बरेच झाले होते, पण जाणणारा एकही नव्हता. म्हणून मी जाणत्या माणसाकडे गेलो. तालमीचे वस्ताद पिराजी.

वस्तादांनी आयुष्यात बॅट धरलेली नाही, पण पोर कधी कशाला तयार होते यात त्यांचा शब्द अखेरचा. किती पोरे त्यांनी लाल मातीत उतरवली आणि किती 'आईला सोडून ऱ्हाईना' म्हणून परत धाडली, याला हिशेब नाही. त्यांनी सुष्मीला समोर उभे केले, दंड चाचपला, दात बघितले (बैल बघतात तसे, पण मायेने) आणि म्हणाले, "आमाला शाळंत कसं घातलं? उजवा हात डोक्यावरनं डाव्या कानाला पोचला की पोरगं तयार. बोलिंग हातानंच टाकत्यात न्हवं? डोक्यावरनंच न्हवं? मग झालं की! हात कानाला पोचला की सोडा पोरीला. तवर न्हाय."

दाजी, मला हे पटले. ज्या कसोटीवर मी स्वतः शाळेत गेलो (आणि सातवीत दोनदा बसलो) तिच्यात खोट काढायला जीभ रेटेना. सुष्मीने हात डोक्यावरून नेला. कान दोन बोटे लांब राहिला. वस्तादांनी आपली बोटे मध्ये घालून मोजले. पोरीने विचारले, "मामा, मी मान वाकडी केली तर चालंल?" वस्ताद म्हणाले, "डाव खोटा हाय." पोर रडली नाही. मला वाटते रडली असती तर मी तिथेच हो म्हणून मोकळा झालो असतो.

मग दोन बोटे वाढवायला वस्तादांनी खुराक सांगितला. आधी पायाचे सूप म्हणाले. आपल्या लिंगायताच्या घरात ते शिजणार कुठे, असे म्हटल्यावर क्षणभर त्यांनी माझ्याकडे दयेने बघितले आणि दूध दुप्पट केले. सकाळ-संध्याकाळ दूधकट्ट्यावर, जिथे म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात तिथे नेऊन, गवळण तानाबाईच्या म्हशीचे धारोष्ण दूध, पेलाभर, फेसासकट. वर खारीक, बदाम, आणि दहा जोर. तीन आठवडे हे नेमाने केले. पोर दूध पिते, फेसाच्या मिशा घेऊन परत येते आणि लगेच आरशासमोर हात डोक्यावरून टाकून बघते. तानाबाई म्हणायची, "ह्या पोरीसाठी म्हस सुदीक येळंवर हुबी ऱ्हातीया बगा." तीन आठवड्यांनी मोजले. कान चार बोटे लांब!

वस्तादांनी तीनदा मोजले. शेवटी म्हणाले, "कान मागं सरकला असंल." त्यांच्या मानाखातर मी पोरीचे कान तपासले. कान जागेवरच होते. झाले होते एवढेच की दंड असा भरला की तो डोक्यावरून जायलाच कुरकुरत होता, आणि गालही वाटेत येत होते. (शिवलीलाला सांगा, तिचे दोन फ्रॉक आता होत नाहीत. बसम्माने उसवून ठेवले आहेत. तिला शिलाईतले आणि स्वयंपाकातले कळते, बाकीच्यात ती पडत नाही.)

तरीही न्यायाने वागावे म्हणून गेल्या सोमवारी सकाळी तालमीसमोर एक चाचणी घेतली. तीन विटा उभ्या केल्या, उसनी बॅट आणली, आणि बॅट मी स्वतः धरली. पेठेतली वीस-पंचवीस माणसे सहज म्हणून जमली. सुष्मीने एकच चेंडू टाकला. दाजी, मी तो मारू शकलो असतो. पण पोरीचे मन मोडू नये म्हणून जाऊ दिला. मधली वीट पडली. ती मुळातच नीट उभी नव्हती असे वस्तादांचेही मत आहे. (वीट मी उभी केली होती, हे वेगळे.) लोक उगाच "मामा गेला! मामा गेला!" म्हणून ओरडले. या पेठेला ओरडायला काहीही चालते.

तेव्हा पूर्ण विचारांती मामा या नात्याने निकाल कळवतो: चि. सुष्मिता अद्याप तयार नाही. कान चार बोटे लांब आहे. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजू. थोरांस नमस्कार, शिवलीलास आशीर्वाद.

आपला,
शशिधर

ता. क. – अक्षर माझे नाही हे तुम्ही ओळखलेच असेल. माझा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये आहे. मी सांगतो आहे, बसम्मा लिहिते आहे. सोमवारी किरकोळ घसरलो. काळजीचे कारण नाही. आधी वस्तादांनी हात ओढून बसवला, म्हणून मग डॉक्टरांकडे जावे लागले.

ता. क. २ – एक छोटे काम आहे. खरे तर त्यासाठीच पत्र. तुम्ही उलट टपाली मला दोन ओळी लिहाव्यात, की मुलगी तयार नाही हे मेहुण्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. कारखान्याचा गोल शिक्का मारता आला तर उत्तम. मी ते तालमीत मोठ्याने वाचून दाखवीन. दाजी, तुम्ही शहाणे आहात, समजून घ्याल. तयार नसलेल्या पोरीचा चेंडू लागला तर तो अपघात. पोर तयार ठरली, तर मग सहा वर्षांच्या पोरीने मला भर पेठेत उडवला असा त्याचा अर्थ होतो, आणि मला रोज त्याच रस्त्याने दुकान उघडायला जायचे असते.

ता. क. ३ – अमरेशअण्णा, वरचं सगळं हे बोलले आणि मी जसंच्या तसं उतरवलं. आता हे औषधाच्या गोळीनं झोपलेत, तर माझं लिहिते. हे घसरले नाहीत. पोरीचा चेंडू आला तसा ह्यांनी बॅट टाकली आणि गोलकीपरसारखी आडवी झेप घेतली. चेंडू पोटाखालनं गेला, वीट पाडली, आणि हे फरशीवर हातावर पडले. वीट चांगली उभी होती.

चेंडू टाकताना हात कानाला लावायचा नसतो, कानाजवळनं न्यायचा असतो. एवढं ह्या सगळ्यांना तीन आठवडे उमगलं न्हाय आणि मला कुणी विचारलं न्हाय. माहेरी गडहिंग्लजला आम्हाला तीन भाऊ. बॅटिंग तिघांची, बोलिंग सगळी माझी, लग्न होईपर्यंत. हे सकाळी पूजेला बसले की मी आणि सुष्मी मागच्या परड्यात जात होतो. पोरगी तयार हाय. तिला मी सोमवारीच सांगून टाकलंय. त्या दिवसापासनं ती माझ्या कुशीत झोपते आणि झोपेत हात फिरवते, एकदा माझ्या नाकावर बसला.

शिक्क्याचं पत्र पाठवू नका. तुम्ही स्वतः रविवारी या. सोमवारनंतर पेठेत तिच्यापुढं बॅट धरायला कुणी उभं ऱ्हाईना, म्हणून ती खोळंबलीय. येताना पॅड आणा. तुमच्या मापाचे.

– बसम्मा