मोठी भरती, तरुणांनी हजर राहावे

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा कोपरापासून नमस्कार. (जवळ येऊन केला असता, पण पत्र वाचून झाल्यावर तू कान धरशील, म्हणून कोपरापासूनच बरा.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? तू बोलायला लागलीस की त्यांना जो खोकला येतो, त्याबद्दल विचारत नाहीये. तो कुठल्याच डॉक्टरच्या आवाक्यातला नाही. दुसरा, साधा खोकला.

परवा फोनवर तू विचारलंस, रविवारची भरती कशी झाली? मी म्हणालो, झकास झाली. तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपली. (संपली म्हणजे संपवली.) त्या एका वाक्याचा जरा विस्तार करायला हवा, म्हणून हे पत्र. शिवाय पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तू लेकीला माझ्याकडे पाठवलंस ते सरकारी भरतीचा अभ्यास शांतपणे व्हावा म्हणून. अभ्यास ती करते, अगदी मान मोडून करते. पण माझ्या दुकानाच्या खिडकीतून खाडीचा काठ दिसतो, त्याला मी काय करू? काठावर सगळी गल्ली राडारोडा टाकायची. हिने गल्लीतली पोरं जमवली, तो उचलला आणि चिखलात खारफुटीची रोपं लावली. (तेव्हापासून मी तिला पुढारीणबाई म्हणतो. ती मला पेंटर म्हणते, मामा म्हणायचं विसरली.) समोरच्या किराणावाल्याला तिथे भराव घालून गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या करायच्या होत्या. गल्लीची बैठक झाली, आवाज चढले, शेवटी ठरलं की येत्या मोठ्या भरतीत रोपं टिकली तर जागा रोपांची, वाहून गेली तर गाड्यांची. भरतीबरोबर ओंडके येतात, ते कोवळ्या रोपांना मुळापासून उपटतात. म्हणून पाणी चढायच्या आत बांबू आणि जुनी जाळी लावून कुंपण करायचं होतं. त्याला माणसं हवीत. आणि ही भरती नेमकी रविवारी, आणि हिची परीक्षाही त्याच दिवशी. तिने सगळी आखणी केली होती. कुंपण पोरांनी करायचं, हिने सकाळच्या बसने परीक्षेला जायचं. फक्त जास्तीचे हात हवेत, म्हणून मला एक पाटी रंगवायला सांगितली.

तिने मजकूर दिला: 'रविवारी सकाळी समुद्राला मोठी भरती आहे, खारफुटीची रोपं वाचवायला तरुणांनी यावं.' आता तुला माझी सवय माहीत आहे. पाट्या रंगवण्यात जन्म गेला, जास्तीचा शब्द दिसला की माझा ब्रश अडखळतो. समुद्र काय, समोरच आहे, त्याचं नाव कशाला लिहायचं? रोपंही सगळ्यांना दिसतात. म्हणून मी सुटसुटीत केलं: 'रविवारी सकाळी मोठी भरती. तरुणांनी हजर राहावे.' लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली. बसथांब्यावर लावली. लोक थांबून थांबून वाचत होते, कुणी फोटो काढत होते. मला वाटलं, अक्षराचं कौतुक चाललंय.

रविवारी सकाळी काठावर ही गर्दी. इस्त्रीचे शर्ट, काखेत फायली, कुणाबरोबर आई, कुणी वाळूत धावून अंग गरम करतोय. माझ्या हातात बांबू मोजायची टेप होती. ती बघून पोरं छाती फुगवून माझ्यासमोर रांगेत उभी राहिली. (दोघातिघांची मी मोजलीही.) तेवढ्यात तुझी लेक स्वतःची फाईल घेऊन बसकडे निघालेली. चकचकीत बुटातल्या एका मुलाने तिला अडवून विचारलं, तुम्हीपण भरतीलाच का? जागा किती आहेत? तिने एकदा बुटांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती नजर तिने तुझ्याकडून घेतली आहे, भाऊजींकडे असलं काही नाही.

बस येऊन थांबली होती, आणि पाणी चढायला लागलं होतं. गल्लीतली पोरं त्या गर्दीपुढे भांबावून गेली होती. तुझी लेक बसने गेली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. ती उलट्या होडीवर चढली आणि सरळ सांगून टाकलं, की ही भरती समुद्राची आहे. पगार नाही, पेन्शन नाही, जागा मात्र हव्या तेवढ्या आहेत. ज्यांना राग आलाय त्यांनी पेंटरला बोलावं, तो टेप घेऊन तिकडे उभा आहे. लोक बोलले. (या वयात इतके नवे शब्द शिकायला मिळतील असं वाटलं नव्हतं.) बरेचसे निघून गेले. पण तो बूटवाला पुटपुटत खाली बसला, बूट काढले, मोजे त्यात कोंबले, पॅन्ट दुमडली आणि म्हणाला, "एवढ्या लांबून आलोय, कुठेतरी घ्या आता." ताई, मला भरून आलं. त्याच्यामागून आणखी पोरं उतरली. बस गेली. तुझ्या लेकीने ती जाताना पाहिली, फाईल माझ्या हातात दिली आणि बांबू मागितला.

पुढे जवळजवळ सगळे चिखलात आपटले, मी तर दोनदा. किराणावाला गंमत बघायला आला होता. पुढारीणबाईने त्याच्या हातात जाळीचं टोक दिलं, जरा धरा म्हणून. पाणी उतरेपर्यंत बिचाऱ्याला ते सोडता आलं नाही. थोडी रोपं गेली, बाकीची उभी आहेत. आता तो गिऱ्हाइकांना साबणाबरोबर 'आमची खारफुटी' दाखवतो.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. परीक्षा बुडाली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. रागवायचं तर मला रागव. ती रोज तुला फोन लावते आणि वाजायच्या आत बंद करते. पुढची परीक्षा ती देणार आहे, अभ्यास चालू आहे. पण एवढ्यात तिला परत बोलावू नकोस. ती बूटवाली मंडळी आता दर रविवारी यायचं म्हणतात, आणि ऐकतात तिचंच.

आणखी एक. त्या चिखलात एकटी तीच पडली नाही. टाच न टेकवता, आधी बोटं रोवून भराभर चालत होती. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, आईने. खाडी तशी तुडवत शाळेत जाणारी आपल्या घरात एकच होती. तेव्हा तिला न्यायला यायचंच असेल तर जुने कपडे घेऊन ये. सोबत नवी पाटी पाठवतो आहे. या वेळी पुढारीणबाईने एकेक शब्द तपासलाय, आणि ती बसथांब्यावर लावलेली नाही, फक्त तुझ्याच पत्त्यावर येते आहे: 'समुद्राला मोठी भरती. चिखलात चालायला शिकवणारी बाई पाहिजे. वयाची अट नाही.'